बेळगावच्या पेल्यात दिजाँचा कॅसिस

बेळगावच्या कॅम्प भागात अलीकडे सुरू झालेल्या एका रेस्टोबारच्या मेनूकार्डावर, व्हिस्की-रमच्या लांबलचक यादीनंतर आणि मॉकटेलच्या आधी, ‘फ्रेंच ७५ कॅसिस’ या नावाचे एक पेय दिसते. जिन, लिंबाचा रस, कॅसिस म्हणजे ब्लॅककरंटचे गोड लिकर आणि वरून ओतलेली फेसाळ वाइन, असा त्याचा घाट आहे. ज्या शहरात संध्याकाळच्या बैठकीचा अर्थ बहुतेकांच्या लेखी एक क्वार्टर, दोन सोडे आणि मसाला शेंगदाणे इतकाच होतो, तेथे असे पेय कार्डावर ठेवणे हे धाडसच म्हणावे लागेल. ते निम्म्याहून अधिक साधले आहे, असे माझे मत आहे. जे साधलेले नाही ते सगळे साखरेने बिघडवलेले आहे. हॉटेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाविषयी लिहायचे आहे तो या एका काउंटरपुरता नसून, हे पेय जेथे जेथे चाखायला मिळाले तेथे थोड्याफार फरकाने तोच आढळला आहे.

आधी मेनूकार्डावरील चार ओळींच्या इतिहासाचा समाचार घेणे भाग आहे. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये जन्मलेले हे पेय आजही जसेच्या तसे बनवले जाते, असे त्या ओळी सांगतात. यात नावापुरते तथ्य आहे. फ्रेंच सैन्याची ७५ मिलिमीटर व्यासाची, १८९७ सालच्या बनावटीची मैदानी तोफ त्या काळी फार गाजलेली होती. गोळा सुटल्यावर बसणारा धक्का तेल आणि दाबलेली हवा यांच्या साहाय्याने तोफेच्या आतच जिरवला जात असल्यामुळे प्रत्येक वेळी नेम नव्याने धरावा लागत नसे, आणि म्हणून ती मिनिटाला पंधराच्या आसपास गोळे डागू शके. १९१४ च्या सप्टेंबरात मार्न नदीकाठच्या लढाईत जर्मनांची आगेकूच रोखण्यात तिचा मोठा वाटा होता. अशा तोफेचे नाव एखाद्या जोरकस पेयाला मिळावे यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तेथील वाचकाला तरी नवल वाटू नये.

मात्र नाव टिकले आणि आतला ऐवज बदलत गेला. पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या हॅरी मॅकेलहोनने १९२२ साली छापलेल्या कृतीत जिनबरोबर काल्व्हादोस ही सफरचंदाची ब्रँडी आणि डाळिंबाचे ग्रेनेडीन सिरप आहे. शॅम्पेनचा तेथे पत्ता नाही. जिन, लिंबू, साखर आणि शॅम्पेन हे आज सर्वमान्य असलेले रूप छापील स्वरूपात १९२७ साली अमेरिकेत दिसते, म्हणजे दारूबंदी चालू असलेल्या देशात, आणि १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉकच्या पुस्तकाने ते जगभर नेले. या कोणत्याही कृतीत ब्लॅककरंट नाही. तेव्हा ‘जसेच्या तसे’ हे शब्द मेनूकार्डाने काढून टाकलेले बरे.

कॅसिस या पेयात येतो तो दुसऱ्या घराण्यातून. पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, दिजाँ शहराच्या परिसरात, अलिगोते या द्राक्षाच्या आंबटसर पांढऱ्या वाइनमध्ये थोडे ब्लॅककरंट लिकर घालून पिण्याची जुनी रीत आहे. १९४५ पासून १९६८ पर्यंत दिजाँचे महापौर राहिलेले फेलिक्स कीर हे पेशाने पाद्री होते. नगरपालिकेच्या प्रत्येक स्वागत समारंभात ते पाहुण्यांच्या हाती हाच पेला देत, आणि त्यांच्या आग्रहामुळे त्या पेयाला ‘कीर’ हेच नाव पडले. साध्या वाइनऐवजी शॅम्पेन वापरली की त्याचे ‘कीर रोयाल’ होते. जिन आणि कॅसिस यांची सोयरीकही नवी नाही, कारण क्रॅडॉकच्या त्याच पुस्तकात ‘पॅरिशियन’ नावाचे एक कॉकटेल आहे आणि त्यात जिन, फ्रेंच व्हरमूथ (वनस्पतींचा अर्क घातलेली वाइन) व कॅसिस समप्रमाणात घातलेले आहेत. आपल्या पेल्यात आले आहे ते या दोन-तीन घराण्यांचे लेकरू आहे. त्याला शंभर वर्षांचा दाखला जोडला नाही तरी त्याचे काही बिघडत नाही.

बेळगावकरांना ब्लॅककरंट ठाऊक आहे ते आइस्क्रीम पार्लरमुळे, आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते. आइस्क्रीममधील तो जांभळा गोडवा मनात धरून जो हा पेला तोंडाला लावेल त्याला पहिल्या घोटात धक्का बसेल, आणि बसायलाही हवा. खरे ब्लॅककरंट हे एका काटेरी नसलेल्या झुडपाचे वाटाण्याएवढे काळे फळ आहे. ते कमालीचे आंबट असते, सालीत तुरटपणा असतो आणि त्याच्या वासात गंधकयुक्त संयुगामुळे येणारी एक रानटी छटा असते, जी काहींना हिरव्या पानांची तर काहींना चक्क मांजराची आठवण करून देते. हिवाळ्यात दीर्घ काळ कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय या झुडपाला धड बहर येत नाही, त्यामुळे बेळगावची थंडी कितीही नावाजलेली असली तरी येथे त्याची लागवड होण्याचा संभव नाही.

त्या फळाचे लिकर दिजाँमध्ये १८४१ साली ओग्युस्त-दनी लागूत यांनी व्यापारी स्वरूपात बनवायला सुरुवात केली. कृती तशी सरळ आहे. जुलैच्या सुमारास तोडलेली फळे वास नसलेल्या शुद्ध मद्यार्कात काही आठवडे भिजत ठेवायची, मग गाळून, दाबून अर्क काढायचा आणि त्यात साखर मिसळायची. उष्णतेचा वापर होत नाही, त्यामुळे फळाचा ताजा वास टिकतो. युरोपीय नियमांनुसार इतर ‘क्रेम’ लिकरांत दर लिटरला किमान २५० ग्रॅम साखर पुरते, पण क्रेम द कॅसिसमध्ये ती किमान ४०० ग्रॅम असावी लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण या पेल्याचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. इतकी साखर पडूनही चांगला कॅसिस गोडमिट्ट लागत नाही, कारण फळाचा आंबटपणा आणि तुरटपणा तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात.

या लिकरात मद्यार्क असतो साधारण १५ ते २० टक्के, आणि त्या टक्क्यांवरून युरोपात एक खटला झाला, जो आपल्या सीमाभागातील वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. रेवे या जर्मन व्यापारी कंपनीला दिजाँचा कॅसिस आयात करायचा होता. जर्मन कायद्याप्रमाणे फळांच्या लिकरात किमान २५ टक्के मद्यार्क हवा, म्हणून तेथील खात्याने त्याच्या विक्रीला मनाई केली. सौम्य मद्ये बाजारात आली तर लोकांना पिण्याची सवय लवकर लागते, असा आरोग्याचा मुद्दाही जर्मनीने मांडला. जास्त कडक दारूची सक्ती आरोग्यासाठी करणारा हा युक्तिवाद आपल्याकडील कोणत्याही अबकारी अधिकाऱ्याला सुचला नसता. युरोपीय न्यायालयाने २० फेब्रुवारी १९७९ रोजी तो फेटाळला आणि एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनवलेला व विकला जाणारा माल, सबळ सार्वजनिक कारण नसेल तर, दुसऱ्या सदस्य देशाने अडवू नये असे तत्त्व घालून दिले. पुढे युरोपची एकसंध बाजारपेठ उभी राहिली ती बऱ्याच अंशी या निकालाच्या आधारावर.

चोर्ला घाटाने गोव्याला ये-जा करणाऱ्या माणसाला हे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही. गोव्यात उघडपणे विकत घेतलेली, पक्क्या पावतीची बाटली घाट चढून कर्नाटकाच्या हद्दीत आली की परवान्याअभावी गुन्ह्याचा ऐवज ठरते, कारण आपल्या राज्यघटनेत मद्य आणि त्यावरील अबकारी हे दोन्ही विषय राज्यांच्या सूचीत आहेत, आणि वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेरच ठेवली गेली. तीन राज्यांच्या बेचक्यात वसलेल्या बेळगावात म्हणून एकाच बाटलीच्या तीन किमती लोकांना तोंडपाठ असतात. याचा आपल्या पेल्याशी थेट संबंध आहे, कारण आयात शुल्क आणि राज्याची अबकारी यांचे थर चढल्यावर अस्सल क्रेम द कॅसिसची बाटली इतकी महाग पडते की पुष्कळ बारमालक ती विकत न घेता ब्लॅककरंट क्रश किंवा सिरपवर वेळ मारून नेतात. या हॉटेलने तसे केलेले नाही. बाटली खरी आहे, मागितल्यावर ती काउंटरवर आणून दाखवतात, आणि मुख्य म्हणजे ती फ्रीजमध्ये ठेवलेली असते. उघडलेला कॅसिस बाहेरच्या उष्णतेत राहिला तर त्याचा रंग जांभळ्यावरून विटकरी होत जातो आणि ताज्या फळाचा वास जाऊन मनुकांसारखा जड वास उरतो. एप्रिल-मे महिन्यांत या गोष्टीची दखल घेणारा बार आपल्या भागात विरळाच.

इतकी काळजी घेऊन मग पेला कसा येतो? दिसायला तो देखणा आहे. उंच, निमुळत्या ग्लासात गडद गुलाबी रंग, वरच्या बाजूला फिकट होत गेलेला, आणि तळातून अखंड वर चढणारे बारीक बुडबुडे. नाकाशी नेल्यावर आधी लिंबाच्या सालीचा आणि मागून फळाचा वास येतो. पहिला घोट चांगला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटापर्यंत मात्र ओठ चिकट होऊ लागतात आणि जिनला तिचा खास वास देणारा जुनिपर कोठे हरवला, असा प्रश्न पडतो.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बारटेंडर तरुण मुलगा आहे, हुबळीकडचा असावा, मराठी समजतो आणि प्रश्न विचारले तर मनापासून उत्तरे देतो. “साखरेचं सिरप किती घालता?” असे विचारल्यावर त्याने मापच पुढे केले: “सर, पंधरा मिली. कार्डावरच्या रेसिपीत तसंच आहे.” म्हणजे फ्रेंच ७५ च्या सर्वमान्य कृतीतील साखर तशीच ठेवून वरून पंधरा मिलिलिटर कॅसिसची भर घातली गेली आहे. आता हिशेब मांडून पाहावा. पंधरा मिलिलिटर कॅसिसमध्ये निदान ६ ग्रॅम साखर असते आणि तितक्याच साध्या साखरपाकात ९ ग्रॅमच्या आसपास. सगळे मिसळून पेला साधारण पावणेदोनशे मिलिलिटरचा धरला तर गोडीचे प्रमाण दर लिटरला ऐंशी ते नव्वद ग्रॅमपर्यंत जाते. बाटलीबंद शीतपेयांची गोडी यापेक्षा फार वेगळी नसते. कॅसिस हीच या पेयातील साखर आहे, एवढे ध्यानात घेतले तर पाकाची गरजच राहत नाही. पुढच्या फेरीत पाक वगळायला सांगितला तेव्हा आलेला पेला आणि आधीचा पेला यांत इतके अंतर होते की शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी “तुमचं वेगळं मागवलंय काय?” म्हणून चौकशी केली. लिंबू जागे झाले, जिन पुढे आली आणि शेवटी जिभेवर ब्लॅककरंटचा तुरटपणा मागे राहिला, जो या पेयाचा खरा गुण आहे.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी माप असे: जिन ३० मिलिलिटर, लिंबाचा ताजा रस १५, कॅसिस १० ते १५, हे तिन्ही बर्फासह शेकरमध्ये जोरात हलवून गाळून घ्यावे आणि वर अगदी थंड फेसाळ वाइन ९० मिलिलिटर हळूच ओतावी. वाइन शेकरमध्ये कधीही घालू नये. आणि हे पेय सरबतासारखे लागते म्हणून त्याला सौम्य समजू नये, कारण या मापाच्या एका पेल्यात दोन छोट्या पेगांइतका मद्यार्क जातो. गाडी चालवून वडगाव-शहापूरला परतणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

फेसाळ वाइनच्या निवडीत हॉटेलने शहाणपणा दाखवला आहे. खरी शॅम्पेन येथे वापरणे हा पैशाचा अपव्यय ठरला असता; कॅसिस आणि लिंबू यांच्यापुढे तिचे बारकावे टिकत नाहीत. त्याऐवजी नाशिकची ‘ब्रूट’ वापरली जाते आणि ती या कामाला पुरेपूर आहे. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेले असणे महत्त्वाचे, कारण युरोपीय मोजमापात त्याचा अर्थ दर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असा होतो, तर ‘दमी-सेक’ लिहिलेल्या बाटलीत ती ३२ ते ५० ग्रॅम असू शकते. सुला आणि शॅन्डन या दोघांच्याही ब्रूट नाशिक जिल्ह्यात बनतात आणि दोन्हींत दुसरे आंबवण बाटलीतच होते, त्यामुळे बुडबुडा बारीक राहतो आणि बराच वेळ टिकतो.

अडचण आहे ती बुडबुड्यांच्या ताजेपणाची. आपल्याकडे फेसाळ वाइन मागणारे गिऱ्हाईक थोडे. उघडलेली बाटली त्याच रात्री संपत नाही. नीट बसणारे धातूचे झाकण लावून ती थंड ठेवली तर दुसऱ्या दिवशी चालून जाते, त्यापुढे नाही. मधल्या वारी मागवलेल्या पेल्यात फेस जेमतेम होता आणि वाइन पाणचट लागली. शनिवारी संध्याकाळी, समोरच उघडलेल्या बाटलीतून आलेला पेला खळाळता होता. हॉटेलने लहान बाटल्या ठेवल्या तर हा प्रश्न सुटेल. तोवर गिऱ्हाइकाने बाटली कधी उघडली हे न संकोचता विचारावे.

जिनबाबत दोन पर्याय विचारले जातात आणि त्यात बारटेंडरचा कल महागड्या पर्यायाकडे असतो, तेव्हा सावध राहावे. गेल्या काही वर्षांत शेजारच्या गोव्यात जिनचा चांगलाच जोर झाला आहे: ग्रेटर दॅन, हिमालयातील जुनिपर वापरणारी हापूसा, गंधराज लिंबाची साल घालणारी स्ट्रेंजर अँड सन्स, या सगळ्या तिकडच्याच. हापूसा एकटीने, बर्फावर, फार चांगली लागते. तिच्यातील मातकट, मसालेदार सूर मात्र कॅसिसशी भांडतो. ग्रेटर दॅनसारखी साधी लंडन ड्राय पद्धतीची, जुनिपरवर भर देणारी जिन येथे अधिक योग्य, आणि ती स्वस्तही आहे. वरून लावलेली पाकातील लाल चेरी पाहून मला बेकरीतील केक आठवला; तिच्या जागी लिंबाच्या सालीची एक पट्टी पुरे.

मेनूकार्डावर नसलेली एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. उन्हाळ्याच्या अखेरीस खानापूरच्या रानातील जांभळे शहरात येऊ लागतात तेव्हा हे हॉटेल कॅसिसऐवजी जांभळाचा गर घालून हाच पेला बनवते. जांभळाला ब्लॅककरंटचा तो रानटी वास नाही आणि आंबटपणाही कमी, म्हणून लिंबू थोडे वाढवावे लागते आणि गरात साखरही घालावी लागते. परंतु तुरटपणात जांभूळ काकणभर सरसच आहे, आणि घोट गिळल्यावर जीभ जशी जडावते ती जाणीव बेळगाव-खानापूरच्या माणसाच्या ओळखीची आहे. ज्या मुलाने कॅसिसच्या पेल्यात छापील कृतीवर बोट ठेवून पाक ओतला, त्याच मुलाने जांभळाच्या पेल्यात चव घेत घेत साखर बेताची ठेवली होती. कृती समोर नव्हती म्हणून हात मोकळा राहिला असावा. हॉटेलने त्याला कॅसिसच्या बाबतीतही तेवढीच मोकळीक द्यावी. करवंदांचा प्रयोगही त्यांनी करून पाहिला होता, परंतु करवंदाच्या चिकामुळे आणि गराच्या दाटपणामुळे वाइन घातली की सगळा फेस एकदम उसळून ग्लासाबाहेर येतो, असे कळले.

सोबत खायला काय घ्यावे हाही प्रश्न आहे. येथील मटण सुके उत्तम आहे, पण त्याच्या तिखटासमोर हा पेला उभा राहत नाही. तिखटामुळे मद्याचा जाळ वाढतो आणि फळ दबून जाते. कारवारकडून येणाऱ्या सुरमईचा रवा फ्राय मात्र त्याच्याशी छान जमतो, कारण तळलेल्या कुरकुरीत कवचाला आंबट आणि फेसाळ काहीतरी हवेच असते. साधे खारे काजूही चालतात. जेवणानंतर कुंद्याबरोबर हा पेला मागवण्याची सूचना वेटर करतो, ती विनम्रपणे नाकारावी.

किंमत एका चांगल्या मटण थाळीच्या दुपटीच्या घरात जाते आणि त्यावर सेवा शुल्क वेगळे. शनिवारी, ताज्या बाटलीतून, पाकाशिवाय बनवून दिलेल्या पेल्यासाठी मी ती रक्कम पुन्हा देईन. मधल्या वारी देणार नाही. बसायला अंगणातील टेबले बरी, आत टीव्हीचा आवाज फार असतो. जांभळाचा पेला मृग लागल्यानंतर फार दिवस मिळत नाही, म्हणून त्यासाठी जाणाऱ्यांनी गर शिल्लक आहे का, हे आधी फोन करून विचारावे.